दोघांत एक बॉल

भाऊबीजेला मेव्हणा आला नाही. तो येईल म्हणून मी वाट बघत बसलो नव्हतो, पण सकाळी उठून अंगण झाडलं होतं, एवढं खरं. माझी बायको होती तोवर तो दरवर्षी यायचा. ओवाळून घ्यायचा, फराळाला नावं ठेवत दोनदा मागून खायचा आणि जाताना सांगायचा की जत्रा जवळ आली, आता काठ्या काढल्या पाहिजेत. या वर्षी ओवाळणारीच नाही तर ओवाळून घेणारा कशाला येईल, हे मला कळत होतं. कळलं म्हणून माणसाला बरं वाटतं असं काही नाही.

काठ्या म्हणजे गोल्फच्या काठ्या. मालवणच्या बाजूला गोल्फ कुठून आला म्हणून कोणाला हसायचं असेल तर हसू दे. आम्हीपण पहिल्यांदा हसलोच. मेव्हणा मुंबईत एका गोल्फच्या क्लबात जन्मभर कामाला होता. साहेब लोकांच्या काठ्या पुसायच्या, मुठी बदलायच्या, कोणाची पिशवी कुठे ते ध्यानात ठेवायचं, हे त्याचं काम. रिटायर होऊन गावी आला तेव्हा टाकाऊ काठ्यांचं एक पोतं आणि जुन्या बॉलांचं एक पोतं घेऊन आला. त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, अंगणात उभी राहून शेजारणीला म्हणाली, "लोक मुंबयसून फ्रीज हाडतत, आमच्यांनी काठ्यो हाडल्यानी."

ती पोती दोन वर्षं माळ्यावर पडून होती. मग शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. मेळावा म्हणजे भाषणं. शाळेने आम्हाला काय दिलं यावर जो तो बोलत होता आणि अर्धे म्हातारे खुर्चीत झोपले होते. मेव्हणा उठला आणि म्हणाला, बोलून काय होणार, खेळूया. क्लबात साहेब लोकांच्या जुन्या शाळांच्या अशाच स्पर्धा व्हायच्या म्हणे. पोटं सुटलेले, केस गेलेले म्हातारे वर्षातून एकदा शाळेच्या नावाने खेळायचे, हरले की लहान पोरांसारखे रुसायचे. आपण का नाही, असं त्याचं म्हणणं.

तेव्हापासून आमच्या सड्यावर जत्रेच्या आदल्या दिवशी स्पर्धा होते. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं कातळाचं माळरान. पावसात तिथे गवत वाढतं. दिवाळीपर्यंत ते गुरांसाठी कापून नेतात, मग खाली कातळ आणि खुंट उरतात. हिरवळ कुठून आणणार? म्हणून प्रत्येक होलाभोवती माती चोपून शेणाने सारवून घेतात. त्या सारवणावरून बॉल छान सरकतो. होल मी पाडले. चिऱ्याच्या खाणीत हाडं झिजवलेला माणूस मी, कातळाला भोकं पाडायला मलाच सांगणार. सारवायला बायका. त्यात ती पुढे.

वाडीवार संघ. संघात चार माणसं, दोन जोड्या. जोडीला बॉल एकच. एकाने मारायचा, पुढचा फटका दुसऱ्याने, मग परत पहिल्याने, असं करत होलात घालायचा. पाळी नसताना मारलात तर दोन फटके दंड. शाळेत एक दिवस जरी बसला असेल तो माजी विद्यार्थी. ही अट आमच्यासारख्यांसाठीच ठेवली, कारण आमच्या वेळची निम्मी पोरं मधेच सुटली. मी चौथीत सुटलो आणि बापाबरोबर खाणीवर गेलो. ती सातवीपर्यंत गेली होती. ती म्हणायची, माजी विद्यार्थी म्हणाल तर सगळ्यांत जास्त माजी आमच्या घरातच आहे.

आता माझी वाडी वेगळी आणि तिचं माहेर वेगळ्या वाडीत. मधे भाताचे कोपरे, म्हणजे शेताचे लहान तुकडे, आणि एक पायवाट, एवढंच अंतर. पण संघ वाडीवार. बायकांनी कुठल्या वाडीतून खेळायचं यावर मोठी चर्चा झाली. शेवटी ठरलं की शाळेत असताना जिथे राहत होत्या तिथून, म्हणजे माहेरच्या वाडीतून. ती एकदम खूश. पण पहिल्याच वर्षी तिच्या वाडीत एक माणूस कमी पडलं, तेव्हा तिने मला ओढून नेलं. माझ्या वाडीवाल्यांनी मला घरजावई म्हणून चिडवलं, ते अजून चिडवतात. मी म्हटलं, बायकोच्या माहेरी एक दिवस तरी कामाला येऊ दे मला. त्यानंतर दरवर्षी आमची जोडी तिच्या माहेरासाठी खेळली. एका जोडीत आम्ही, दुसऱ्या जोडीत मेव्हणा आणि त्याचा शेजारी. चौघं एकत्रच चालायचो.

जिंकणाऱ्या वाडीला शाळेचा जुना रेल्वेरुळाचा तुकडा मिळतो. आमच्या वेळी तो वडाला टांगलेला असायचा, त्यावर हातोडी मारली की शाळा भरायची आणि सुटायची. आता शाळेत विजेची घंटा आहे. तो रूळ वर्षभर जिंकलेल्या वाडीत टांगलेला राहतो. गेल्या वर्षी आम्ही जिंकलो, म्हणून तो मेव्हण्याच्या पाणंदीच्या तोंडाशी आंब्याला टांगला होता. ती माहेरी जाताना त्यावर एक दगड मारायची. आवाज ऐकून वहिनी चहा ठेवायची. कधी मी घरी पडवीत बसलेला असलो की कोपऱ्यांपलीकडून तो ठण्ण आवाज मला ऐकू यायचा. पोचली एकदाची, असं मी म्हणायचो.

उन्हाळ्यात ती दुखण्याला लागली आणि पावसात गेली. पोटाचं होतं. गोव्याला नेऊन तपासलं, तिथे त्यांनी सांगितलं ते मला नीट कळलं नाही, पण डॉक्टर ज्या आवाजात सांगत होता तो कळला. मेव्हणा म्हणाला, मुंबईला चला. क्लबात मोठमोठे डॉक्टर खेळायला यायचे, त्यांच्या काठ्या याने जन्मभर पुसल्या, एक शब्द टाकला की काम होईल. खोटं बोलत नव्हता. तिने ऐकून घेतलं आणि रात्री मला म्हणाली, "माका आता खंय हलव नकात. थंयल्यो खिडक्यो उघडणत नाय. हंयसून माका माड दिसतत."

मी हलवलं नाही. चूक की बरोबर मला विचारू नका. तिला काय पाहिजे ते तिने सांगितलं होतं आणि ते सांगायला ती शुद्धीत होती.

तेराव्याला पानं मांडली, सगळे बसले. मेव्हण्याच्या पानावर भात पडला तसा तो उठला. सगळ्यांसमोर मला म्हणाला, "माझी वळख आसताना माझ्या भयणीक तू घरात मराक दिलंस. ह्या पानार मी जेवचंय नाय." आणि गेला. मीपण बोललो. मी गप्प बसणारा माणूस नाही. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एक सांगायचं राहिलं. मेव्हणा नंतर झाला, आधी तो माझ्या बाकावरचा पोरगा. चारचौघांत मला भावजी म्हणायचा आणि दोघंच असलो की रे. तिला लहानपणी दोन वेण्या घालून शाळेत येताना बघितलेली माणसं आता किती उरली? तो आणि मी. आणि आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो. बायको गेल्यावर जावई जावई राहतो का, हा प्रश्न मला तेव्हा पडला. आमच्यात जावई न बोलावता जात नाही. आणि बोलावणार कोण, तर तो.

जत्रा आठवड्यावर आली तेव्हा एका सकाळी दार उघडलं तर पायरीवर माझी गोल्फची काठी. सगळ्यांच्या काठ्या वर्षभर त्याच्याकडे असायच्या, खाऱ्या हवेत गंजतात म्हणून तो तेल लावून ठेवायचा. फक्त तिची काठी आमच्याकडे, कारण केळीवर वानर आले की ती तीच घेऊन धावायची. वानर त्या काठीला ओळखायचे. मी नुसता गेलो तर बसून बघत राहायचे.

पायरीवरच्या काठीकडे मी बराच वेळ बघत उभा राहिलो. हाक मारली नाही, निरोप नाही. आता याचा अर्थ काय लावायचा? आपल्याकडे संबंध तुटले की माणूस वस्तू परत करतो. तुझी परात तुझ्या घरी, माझा पाट माझ्या घरी. काठी परत केली म्हणजे संपलं, असाही अर्थ होतो. आणि काठी दिली म्हणजे खेळायला ये, असाही होतो. उचलून बघितली तर मूठसुद्धा बिघडवून ठेवलेली. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून गुंडाळून मनगटाएवढी जाड केलेली. म्हटलं, रागाने धड काम पण करता येत नाही याला.

दोन दिवसांनी शाळेच्या बाई आल्या. बाई म्हणजे आमच्या मागच्या वर्गातली, पुढे याच शाळेत शिकवून रिटायर झालेली. स्पर्धेत निकाल त्या देतात. त्यांनी सांगितलं की मेव्हण्याचा जोडीदार गुडघ्याचं ऑपरेशन करून कुडाळला मुलाकडे राहिलाय, तेव्हा मेव्हणा एकटा आणि तुम्ही एकटे, तुमची जोडी लावली आहे, दुसऱ्या जोडीत वाडीतली दोन नवी माणसं घेतली आहेत. मी विचारलं, जोडी त्याने लावली का? बाई म्हणाल्या, "उरलेल्यांची जोडी लावायला कोण लागतं? आपोआप लागते."

"त्याने माझं नाव घेतलं का, एवढं सांगा."

"मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तुम्ही येणार की नाही?"

मी म्हटलं, बघतो. बाई गेल्यावर काठी घेऊन अंगणात दोनतीनदा फिरवली. जायचं ठरलं ते खेळायला म्हणून नाही. त्या काठीचा अर्थ त्याच्या तोंडून ऐकायचा होता मला. संपलं असेल तर संपलं म्हण, पण तोंडाने म्हण.

सड्यावर गेलो तेव्हा सगळे जमले होते. मेव्हणा माझ्याकडे न बघता बॉल पुसत होता. आमच्यात कुठलंही काम गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. मानकऱ्याने नारळ हातात घेतला आणि सुरू केलं. बा देवा म्हाराजा, ही तुझी पोरां म्हातारी झाली तरी खेळाक इलीत, त्यांचे हातपाय धड ठेव. होय म्हाराजा. बॉल करवंदीत जाव दी नको. होय म्हाराजा. वाडीच्या लेकीसुनांची, जावयांची राखण कर. जावयांची म्हटल्यावर मी मेव्हण्याकडे बघितलं. होय म्हाराजा तो पण म्हणाला. पण ते सगळेच म्हणतात.

आमच्या समोर बंदरवाडीचा संघ होता. त्यांचा पुढारी मासळीचा व्यापारी, नमाजाची टोपी घालून खेळतो, आमच्याच वर्गातला. तिच्या मयताला बंदरावरून पहिला तो आला होता. त्याने आमच्या दोघांच्या मधलं मोकळं अंतर बघितलं आणि म्हणाला, "दोघांत बॉल एक, ता बरा. जीभ पण एकच घेवन इलास?"

कोणी हसलं नाही म्हणून तोच हसला.

पहिला फटका कोणी मारायचा यावरच अडलं. आमच्या जोडीत पहिल्या होलला पहिला फटका नेहमी तिचा. मेव्हण्याच्या जोडीत नेहमी मेव्हण्याचा. आता ठरवायचं तर बोलावं लागणार. मेव्हणा मासळीवाल्याला म्हणाला, विचारा त्यांना, पहिला कोण मारतो. मी मासळीवाल्याला म्हटलं, सांगा त्यांना, वाडी त्यांची, मारू दे त्यांना. मासळीवाला म्हणाला, मी सुरमई विकतो, निरोप नाही. तरी मेव्हणा पुढे झाला आणि मारला. मग दुसऱ्या होलला पहिला मी, तिसऱ्याला तो, अशी पाळी पडत गेली.

त्याचा फटका सरळ आणि लांब. जन्मभर दुसऱ्यांना खेळताना बघून माणूस शिकतो. माझा फटका जिथे नको तिथे. करवंदीच्या जाळीत मीच घातला आणि काढायला तोच गेला. हात ओरबाडून घेऊन बाहेर आला, बॉल खाली ठेवला आणि बाजूला झाला. मला वाटलं, शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. माझी काठी या वर्षी हातात फिरत नव्हती. दरवर्षी फटका मारताना ती मुठीतल्या मुठीत वळायची, कारण खाणीतल्या कामाने माझी बोटं पूर्ण मिटत नाहीत. या वर्षी ती जाड मूठ तळहातात घट्ट बसत होती. तरी बॉल करवंदीतच गेला, तो भाग वेगळा.

मग व्हाळाचा होल आला. सडा तिथे चिरलेला आहे, पावसाचं पाणी जाऊन जाऊन मोठी घळ झालीय, तिला आम्ही व्हाळ म्हणतो. पहिल्या फटक्याने बॉल व्हाळाच्या काठापर्यंत न्यायचा आणि दुसऱ्याने व्हाळावरून पलीकडे टाकायचा. दुसरा फटका अवघड. हळू मारला तर बॉल व्हाळात, जोरात मारला तर पलीकडच्या काजूच्या बागेत. या होलला पहिला फटका मी मारायचो आणि दुसरा तिचा असायचा. ती पदर खोचून उभी राहायची. बाजूच्या दगडाशी उभा राहून मेव्हणा दरवर्षी सांगायचा, हळू मार. आणि ती दरवर्षी जोरात मारायची. दरवर्षी बॉल पलीकडे सारवणाजवळ पडायचा. ती काय वळून बघायची भावाकडे तेव्हा.

या वर्षीपण पहिला फटका माझ्यावर आला. आणि नेमका चांगला लागला. बॉल काठाशी जाऊन थांबला. आम्ही चालत तिथपर्यंत गेलो. मी माझ्या सवयीने आईनाच्या झाडाखाली बाजूला उभा राहिलो. मेव्हणा त्याच्या दगडाशी जाऊन उभा राहिला. बॉल मधे, कापलेल्या गवतात, एकटा. खाली व्हाळात थोडं पाणी होतं, त्याचा आवाज येत होता. मासळीवाला, बाई, संघातली दुसरी जोडी, सगळे थांबलेले. आम्हीपण थांबलेलो. मला काही चुकल्यासारखं वाटलंच नाही. दरवर्षी मी तिथे असाच थांबतो.

आणि मेव्हणा म्हणाला, "हळू मार गो बाय."

कोणाला म्हणाला? बॉलाजवळ कोणीच नव्हतं. त्याच्या तोंडून गेलं तसं त्याला कळलं. तो तसाच उभा राहिला, तोंड अर्धं उघडं. मग त्याने काठीवर दोन्ही हात ठेवले आणि मान खाली घातली. मासळीवाल्याने टोपी काढून डोकं खाजवलं आणि समुद्राकडे बघत बसला. बाईंनी चष्मा काढला.

पाळी मेव्हण्याची होती. मला ते माहीत होतं. पण तो जागचा हलेना, आणि हलला असता तर बरोबर ती उभी राहायची त्याच जागी पाय ठेवून उभा राहिला असता. मी सरळ चालत गेलो आणि मारला. जोरात. बॉल व्हाळावरून गेला आणि पलीकडे सारवणाच्या कडेला पडला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फटका, आणि तो माझा नव्हताच.

बाई हळूच म्हणाल्या, पाळी तुमची नव्हती. मी म्हटलं, नव्हती. मासळीवाला लगेच म्हणाला, आम्ही काही बघितलं नाही, आमचं लक्ष होडीकडे होतं, सोडून द्या. त्याने मनापासून म्हटलं. पण मेव्हण्याने मान वर केली आणि सांगितलं की दंड लावा. मीपण म्हटलं, लावा. ती असती तर तिने स्वतः मागून घेतला असता. शेजारणीचा एक काजू अंगणात पडला तरी परत नेऊन देणारी बाई ती.

पलीकडे जायला व्हाळात उतरावं लागतं. बाकीचे वरच्या वाटेने गेले. आम्ही दोघं खालून निघालो, का ते माहीत नाही. उतरताना त्याचा पाय घसरला. मी माझी काठी पुढे केली, ती धरून तो उतरला. पाण्यापाशी दोघंही थांबलो.

"तुझी पाळी नाय होती," तो म्हणाला.

"ठावक आसा."

"मगे मारलंस कित्याक?"

"थंय तू उभो रवलेलो माका बघवला नसता."

काठीचं माझ्याकडचं टोक अजून माझ्या हातात होतं. त्याने त्याकडे बघितलं. मूठ बरी बसते का, असं विचारलं. मी म्हटलं, जाड झालीय.

"जाडच व्हयी. तिनाच सांगल्यान. तुझी बोटां मिटणत नाय, मूठ जाड करून दी म्हणान. गेल्या जत्रेकच सांगलेल्यान, माझ्याकडसून रवला."

मी त्या ट्यूबच्या पट्टीकडे बघत राहिलो. माझी बोटं मिटत नाहीत हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. तिलाही नाही. मग जे विचारायला आलो होतो ते विचारून टाकलं. "काठी पायरेर ठेवलंस ती परत देवक, काय बोलवक?"

त्याने जरा विचार केला. खोटं बोलायचं असतं तर तिथे सोपं होतं.

"माका म्हायत नाय," तो म्हणाला. "ठेवलंय आणि परत फिरलंय. म्हटलंय, तुकाच काय ता समजांदे."

मला हसू आलं. आठवडाभर मी डोकं फोडून घेतलं आणि त्यालाच उत्तर माहीत नव्हतं. तो हसला नाही. त्याने वाकून पाण्यात ओरबाडलेला हात धुतला आणि माझ्याकडे न बघता सांगितलं. "माका पण तिना ताच सांगलेल्यान. माका नेव नको म्हणान. तिच्यार रागवाक गावला नाय, म्हणान तुझ्यार रागावलंय."

मी म्हटलं, राग, माझी पाठ रुंद आहे. दुसरं काय म्हणणार? वर बाई हाका मारत होत्या की खेळायचं आहे की नाही. आम्ही चढून वर गेलो. पुढचा फटका त्याने मारला. दंड लागल्यावर पाळी कोणाची, ते बाईंनी या वेळी विचारलं नाही.

आम्ही हरलो. थोडक्यात हरलो, तो व्हाळाचा दंड नसता तर जिंकलो असतो. दुसऱ्या जोडीतले आमच्यावर चिडले, आणि त्यांचं बरोबर होतं. शेवटच्या होलला मेव्हण्याने सारवणावर बॉल सोडला, तो सरळ जाऊन काठाशी अडला. सारवण या वर्षी वहिनीने केलं होतं, हात आडवा फिरवून. माझी बायको सारवायची तेव्हा हात गोल फिरवायची, होलाच्या बाजूने. बोटांचे चर राहायचे, त्या चरांतून बॉल आपोआप आत वळायचा. बंदरवाडीवाले दरवर्षी तक्रार करायचे आणि ती म्हणायची, माझा हातच तसा आहे, मी काय करू?

रूळ आता बंदरवाडीला जाणार. ते चौघं तो उतरवायला आमच्याबरोबरच मेव्हण्याच्या पाणंदीपर्यंत आले. मी तिथून माझ्या वाटेला वळणार होतो. मेव्हणा पाणंदीत शिरला, चार पावलं गेला आणि थांबला.

"भावजी, न जेवता खंय चललास?"

भावजी म्हणाला, कारण चारचौघं होते. मी म्हटलं, तेराव्याला तू माझ्याकडे जेवला नाहीस. तो म्हणाला, ते माझ्या लक्षात आहे. मासळीवाला रुळाची दोरी सोडत होता. तो थांबला आणि म्हणाला, "दोघे मेल्यार जेवतलास काय? आमका ह्या घेवन जावचा आसा."

मी खाली वाकलो, एक दगड घेतला आणि रुळावर मारला. एकदाच. आवाज पाणंदीतून घराकडे गेला, कोपऱ्यांवरून माझ्या रिकाम्या पडवीकडेही गेला असेल. मेव्हण्याच्या घरात भांडं पडल्यासारखा आवाज झाला. वहिनी दारात येऊन उभी राहिली. आम्हाला दोघांना बघितलं, पदर तोंडाला लावला आणि आत गेली. आम्ही पायरीवर पोचलो तेव्हा चहा चुलीवर होता.

जेवताना तिची काठी कुठे आहे, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, दाराआड, वानर येतात. तो म्हणाला, असू दे तिथेच. निघताना मी त्याला म्हटलं की उद्या जत्रेला जाण्याआधी माझ्याकडे जेवायला ये.

"रांधतलो कोण?" त्याने विचारलं.

"मी."

"मगे हंयसून जेवन येतंय."

दुसऱ्या दिवशी तो आला. जेवून आलोय म्हणाला. डाळीत मीठ जास्त आहे, भात चिकट झालाय, असं सांगितलं. आणि दोनदा भात मागून घेतला.